आपल्याच कामात आपण घातलेला मोडता: तो ओळखण्याचा आणि काढण्याचा क्रम

गुढीपाडव्याला, वाढदिवसाला किंवा महिन्याच्या पहिल्या तारखेला केलेला संकल्प दहाव्या-बाराव्या दिवशी मोडतो आणि माणूस ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही’ असे ठरवून मोकळा होतो. माझ्या मते त्यात इच्छाशक्तीचा दोष थोडा आणि क्रमाचा दोष मोठा असतो. आपल्या कामात मोडता घालणारी सवय नेमकी कोणती, ती कोणत्या घटकेला डोके वर काढते आणि तिच्यामुळे आपल्याला काय मिळते, हे कळण्याआधीच तिच्याशी झुंज सुरू केलेली असते. नागपुरातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली आणि घरून छोटा व्यवसाय चालवणाऱ्या महिला यांच्याबरोबर हा क्रम वापरताना ज्या चुका वारंवार दिसल्या, त्या टाळता याव्यात म्हणून तो येथे टप्प्याटप्प्याने दिला आहे. टप्पे गाळू नयेत आणि त्यांची अदलाबदलही करू नये.

## सुरुवातीआधी: हा खरोखर मोडताच आहे का?

तीन गोष्टी एकत्र असतील तरच पुढे जावे. जे काम अडते आहे ते तुम्हाला स्वतःला हवे असले पाहिजे, केवळ घरच्यांना हवे असून चालणार नाही. नुकसान एकदाच नव्हे, तर त्याच पद्धतीने पुन्हा पुन्हा झालेले असले पाहिजे. आणि अडथळा घालणारी कृती तुमच्या हातातली असली पाहिजे.

तिसऱ्या अटीकडे फार दुर्लक्ष होते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या खोलीत कूलर गरम वारा फेकत असताना दुपारी अडीच वाजता अभ्यास होत नसेल, तर तो मोडता नाही. तिथे सवय बदलायची नसून वेळ बदलायची आहे. दिवसभर नोकरी करून रात्री वाचायला बसणाऱ्याला झोप येत असेल तर तीही सवय नव्हे. अशा ठिकाणी स्वतःला दोष देत बसल्याने खरा उपाय लांबतो.

सावधान. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न असेल, झोप व भूक बिघडली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे आणि हा लेख नंतर वापरावा. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन २४ तास, निःशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) किंवा दारूचे व्यसन असेल तर ते नुसत्या वहीने सुटत नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मदत मिळते.

## तयारी

खिशात मावेल अशी छोटी वही आणि तिला बांधलेला पेन घ्यावा. फोनमध्ये नोंद करू नये, कारण अनेकांच्या बाबतीत मोडता घालणारी वस्तू फोनच असतो आणि नोंद करायला तो उघडला की पुढची वीस मिनिटे त्यातच जातात. घरात लग्न, परीक्षेचा शेवटचा आठवडा किंवा दिवाळी नाही, असे सलग दोन आठवडे निवडावेत. सवय एकच घ्यावी. दोन घेतल्या की एकीच्या अपयशावर दुसरीचे यश पांघरता येते आणि काहीच कळत नाही.

संकल्प कोणालाही सांगू नये. सांगण्याची पायरी पुढे येते.

## टप्पा १: सवय एका वाक्यात, डोळ्यांना दिसेल अशी लिहा

‘मी आळशी आहे’, ‘माझ्यात आत्मविश्वास नाही’ हे स्वतःवर मारलेले शिक्के आहेत. शिक्का पुसता येत नाही, कृती मात्र बदलता येते. म्हणून दारात उभ्या असलेल्या तिऱ्हाइताला जे दिसले असते तेवढेच लिहावे. उदाहरणार्थ: ‘भरतीचा फॉर्म सुरू झाल्याचे पहिल्या दिवशी कळूनही मी तो शेवटच्या दिवशी रात्री दहानंतर उघडतो.’ किंवा: ‘महिना संपला तरी मी डब्याचे पैसे मागणारा निरोप बारा-पंधरा तारखेपर्यंत पाठवत नाही.’

मोडत्याची रूपे अनेक असतात आणि त्यांतली काही सद्गुणाच्या वेषात येतात. चालढकल सहज ओळखू येते. पण नोट्स चौथ्यांदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढणे, ज्या आठवड्यात स्वतःचे काम द्यायचे आहे त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या तीन कामांना हो म्हणणे, मुलाखतीच्या आदल्या रात्री घरात भांडण उकरून काढणे, हेही मोडतेच आहेत.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे सबब आधीच तयार करून ठेवणे. एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्गलास या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली त्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही सहभागींना न सुटणारी कोडी देऊन ‘तुम्ही उत्तम केले’ असे सांगितले गेले, म्हणजे यश मिळाले पण ते का मिळाले हे त्यांना उमगेना. दुसऱ्या चाचणीपूर्वी त्यांच्यासमोर दोन औषधांचा पर्याय ठेवला, एक बुद्धी तल्लख करणारे आणि दुसरे मंद करणारे म्हणून. या गटातल्या पुरुषांचा कल मंद करणाऱ्या औषधाकडे दिसला. हे यश पुन्हा मिळेल याची खात्री नसली की अपयशाला बाहेरचे कारण असणे माणसाला सोयीचे वाटते. आपल्याकडे त्या औषधाचे काम शेवटच्या रात्रीचा ‘सर्व्हर डाऊन’ करतो. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रासाठी सेतू केंद्रात वेळेवर न जाता ‘प्रमाणपत्रच हातात आले नाही’ म्हणणारा उमेदवार खोटे बोलत नसतो. परीक्षेत नापास होण्यापेक्षा परीक्षेला बसताच न येणे त्याच्या मनाला कमी झोंबते, एवढेच.

तपासून पाहा. तुमच्या वाक्यात वेळ, कृती आणि ठिकाण किंवा वस्तू आहे का? ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘स्वभाव’ हे शब्द आले असतील तर वाक्य पुन्हा लिहावे.

## टप्पा २: काहीही न बदलता नोंद ठेवा

हा टप्पा सर्वाधिक लोक गाळतात आणि पुढचे सगळे त्यामुळेच फसते. कमीत कमी सात दिवस, शक्यतो चौदा दिवस, सवय जशी आहे तशी चालू द्यावी आणि प्रत्येक प्रसंगाला पाच गोष्टी लिहाव्यात: वेळ व ठिकाण, त्याच्या लगेच आधी काय घडले, मनात कोणते वाक्य आले, आपण काय केले, आणि पुढच्या दहा मिनिटांत कसे वाटले.

नागपुरात मानेवाड्याकडे घरून डबे देणाऱ्या एका ताईंच्या वहीतली नोंद, त्यांच्या परवानगीने, अशी आहे.

‘३ तारीख, दुपारी ३.२०, ओट्याजवळ. आधी: किराणावाल्याचा फोन, मागचे बाकी आहे म्हणाला. मनात: साहेबांकडे पैसे मागितले तर काय म्हणतील, डबा बंद करतील. केले: निरोप लिहिला, दोनदा वाचला, पुसून टाकला आणि कुकर घासायला घेतला. नंतर: हलके वाटले.’

शेवटचे दोन शब्द पाहा. निरोप पुसला, नुकसान झाले, तरीही हलके वाटले. या वहीत पुढे अशा अकरा नोंदी आहेत. त्यांतल्या नऊ नोंदींच्या शेवटी ‘हलके’, ‘बरे’ किंवा ‘सुटल्यासारखे’ यांपैकी एखादा शब्द आहे. पैसे मागण्याची सवय नाही असे ताई आधी म्हणत होत्या. वही सांगत होती की मागायला त्या रोज जातात आणि रोज परततात.

नोंद प्रसंगानंतर पाच-दहा मिनिटांत व्हावी. रात्री झोपताना दिवसभराचे आठवून लिहिलेली नोंद जवळजवळ निरुपयोगी असते, कारण तोपर्यंत मनाने आपल्या सोयीची गोष्ट रचलेली असते. पाचवा रकाना रिकामा ठेवू नये. ‘काही वाटले नाही’ असे सलग तीनदा आले तर शरीराकडे पाहावे: खांदे सैल पडले का, श्वास मोकळा झाला का, जबडा घट्ट होता का.

सावधान. नोंद ठेवायला लागल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत सवय आपोआप कमी झालेली दिसते. स्वतःवर नजर आहे म्हणून असे होते. त्याला यश समजून वही बंद केलेल्यांची सवय पुढच्याच आठवड्यात पूर्ववत होते.

तपासून पाहा. दहा नोंदी झाल्याशिवाय तिसऱ्या टप्प्याकडे जाऊ नये. सवय महिन्यातून दोनदाच घडणारी असेल, तर मागच्या पाच प्रसंगांची नोंद आठवून करावी, पण तिच्यावर ‘आठवून’ असे स्पष्ट लिहावे.

## टप्पा ३: सवय तुमचे कोणते काम करते ते शोधा

सवय टिकते ती तिच्यापासून काहीतरी मिळते म्हणून. चालढकलीवर संशोधन करणाऱ्या फुशिया सिरोईस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलेले म्हणणे येथे कामाला येते: चालढकल ही वेळेच्या नियोजनातली चूक असण्यापेक्षा, नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका मिळवण्याची धडपड असते. आजची सुटका आपल्याला मिळते आणि तिचा हिशेब उद्याच्या आपल्याला चुकवावा लागतो. नवे वेळापत्रक आखून चालढकल जात नाही याचे कारण हेच आहे.

वहीतल्या सर्व नोंदी समोर ठेवून एकच प्रश्न विचारावा: ‘त्या दहा मिनिटांत माझे काय टळले?’ उत्तर बहुधा चारांपैकी एका जागी येते. आपली लायकी उघडी पडेल ही भीती. कुणाच्या नजरेत उतरू ही लाज. कामाचा कंटाळा. किंवा कुणावरचा राग, जो तोंडाने बोलता येत नाही म्हणून काम रखडवून व्यक्त होतो. शेवटचा प्रकार एकत्र कुटुंबात आणि कार्यालयात फार आढळतो आणि मान्य करायला सर्वांत जड जातो. वडिलांनी लादलेल्या अभ्यासक्रमात सलग दोन वर्षे मागे पडलेल्या मुलाच्या वहीत ‘कंटाळा’ हा शब्द वीस वेळा येतो आणि एकविसाव्या वेळी ‘त्यांना कळू दे’ असे येते. तो एकविसावा शब्द खरा असतो. अशा वेळी पुढचे टप्पे थांबवून आधी तो राग कुणाजवळ आणि कसा बोलायचा हे ठरवावे, कारण नको असलेल्या कामातला मोडता काढून फारसे काही साधत नाही.

येथे होणारी नेहमीची चूक म्हणजे थेट बालपणात उतरणे. शाळेत बाईंनी अपमान केला होता म्हणून मी बोलायला घाबरतो, हे खरेही असेल. पण आत्ता ओट्याजवळ फोन हातात असताना काय टळले, हे त्यातून कळत नाही.

तपासून पाहा. ‘ही सवय मला ____ पासून वाचवते’ हे वाक्य एका शब्दाने किंवा छोट्या शब्दसमूहाने पूर्ण होते का? ताईंनी लिहिले: ‘लोभी समजले जाण्यापासून.’

## टप्पा ४: मनाआधी जागा आणि वस्तू बदला

आता प्रथमच बदल करायचा आहे आणि तो मनाच्या बाहेर करायचा आहे. नोंदींतून मोडत्यापर्यंत जाणारी साखळी पाहावी आणि तिची जितकी आधीची कडी तोडता येईल तितकी तोडावी. अभ्यासिकेतून चहाला म्हणून निघालेला मुलगा पानठेल्यापाशी पोहोचल्यावर स्वतःला आवरू पाहतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. खरी कडी तीन वाजता ‘चल रे, येऊ दहा मिनिटांत’ अशी हाक आली तेव्हाची आहे. त्या वेळी त्याने थर्मासमधला चहा जिन्यात उभे राहून प्यायला, तर पानठेल्याशी लढण्याची वेळच येत नाही.

फॉर्म रखडवणाऱ्या उमेदवाराने फोटो, सही, अधिवास, जात आणि नॉन-क्रिमिलेअर ही प्रमाणपत्रे योग्य आकारात स्कॅन करून एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत आणि प्रत्येकाच्या नावातच वैधतेची तारीख घालावी. हे काम जाहिरात नसतानाच्या दिवसांत करावे. सबबीला जी जागा लागते ती अशाने उरत नाही. फोन हा अडथळा असेल तर तो दुसऱ्या खोलीत, शक्यतो उठून जावे लागेल अशा जागी ठेवावा. तो उलटा करून टेबलावर ठेवल्याने विशेष साधत नाही.

## टप्पा ५: ‘जेव्हा–तेव्हा’चे एकच वाक्य बांधा

पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये सविस्तर मांडलेली ही पद्धत दिसायला किरकोळ आहे, पण नेमकी वापरल्यास उपयोगी पडते. ‘मी वेळेवर पैसे मागीन’ हा नुसता हेतू झाला. ‘जेव्हा अमुक घडेल, तेव्हा मी तमुक करीन’ असे बांधले की निर्णय आधीच घेतलेला असतो आणि त्या घटकेला मनाशी वाद घालावा लागत नाही.

‘जेव्हा’च्या भागात डोळ्यांना किंवा कानांना कळणारी खूण हवी. ‘मला उत्साह वाटेल तेव्हा’ ही खूण नव्हे. ‘तेव्हा’च्या भागात दोन मिनिटांत सुरू होणारी कृती हवी आणि ती होकारार्थी हवी. ‘तेव्हा मी फोन पाहणार नाही’ असे लिहिले की लक्ष फोनकडेच राहते. ताईंचे वाक्य असे ठरले: ‘जेव्हा १ तारखेला दुपारचे डबे रवाना होतील, तेव्हा मी हात पुसून ओट्यापाशी उभी राहूनच सर्वांना निरोप पाठवीन.’ निरोपाचा मजकूरही आधीच लिहून ठेवला: ‘नमस्कार दादा, एप्रिलचे २६ डबे, ८० रुपयांप्रमाणे २,०८० रुपये झाले. ५ तारखेपर्यंत पाठवावे, ही विनंती.’ त्यात क्षमा मागितलेली नाही आणि घरच्या अडचणीही सांगितलेल्या नाहीत. वाक्य लांबले की मन त्यातून पळवाट काढते.

वाक्य ठरल्यावर त्या जागी प्रत्यक्ष उभे राहून तीन वेळा कृतीची तालीम करावी. मनातल्या मनात केलेल्या तालमीवर मी स्वतः विसंबत नाही.

नखे खाणे, केस उपटणे यांसारख्या शरीराच्या सवयींना थोडा वेगळा उपाय आहे. नेथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, हात तोंडाकडे निघाल्याचे जाणवताच त्या हातांना दुसरे, त्या सवयीबरोबर एकाच वेळी करता न येणारे काम दिले जाते. मूठ वळून ती मिनिटभर मांडीवर दाबून ठेवणे, हे त्याचे साधे रूप आहे.

सावधान. पहिल्याच दिवशी सर्वांत अवघड प्रसंग घेऊ नये. ताईंनी पहिल्या महिन्यात दोनच ओळखीच्या, मनमिळाऊ ग्राहकांना १ तारखेला निरोप पाठवला आणि बाकीच्यांना नेहमीसारखाच उशिरा. दुसऱ्या महिन्यात सहा जणांना. ‘साहेबां’ची पाळी तिसऱ्या महिन्यात आली.

## टप्पा ६: घसरण होण्याआधीच घसरणीचा नियम लिहा

घसरण होणारच, आणि खरे नुकसान तिच्यानंतरच्या दोन दिवसांत होते. व्यसनमुक्तीवर काम करणाऱ्या अ‍ॅलन मार्लट यांनी हे नेमके टिपले आहे: एकदा नियम मोडला की ‘आता सगळेच गेले’ अशी भावना येते आणि एका चुकीची दहा होतात. एक दिवस अभ्यास बुडालेला मुलगा ‘उद्या बारा तास बसून भरून काढीन’ म्हणतो, उद्या अर्थातच बारा तास होत नाहीत, आणि परवा तो अभ्यासिकेत येतच नाही.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवावे: घसरण झाल्यास चोवीस तासांच्या आत तीच कृती, तेवढ्याच प्रमाणात करायची. दुप्पट करायची नाही, दंड लावायचा नाही, उपास धरायचा नाही. नोंद नेहमीच्याच पाच रकान्यांत करायची.

स्वतःला फैलावर घेतल्याने सुधारणा होते, हा समज आपल्या घरांत खोल रुजलेला आहे. मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात उलट दिसले. पहिल्या परीक्षेपूर्वी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांची दुसऱ्या परीक्षेपूर्वीची चालढकल कमी झाली. यात चूक नाकारायची नसते. ‘मी टाळले, त्याने नुकसान झाले, पुढची कृती ही आहे’ एवढे लिहून पान उलटायचे असते.

## टप्पा ७: आता एका व्यक्तीला सांगा

सांगायचे ते एकाच माणसाला, आणि त्याने काय विचारायचे हेही ठरवून. आईने रोज जेवताना ‘झाला का रे अभ्यास?’ असे विचारले की मूल खोटे बोलायला शिकते. त्याऐवजी आईला असे सांगावे: ‘आई, तू फक्त रविवारी संध्याकाळी विचार की या आठवड्यात वहीत किती नोंदी झाल्या. चांगल्या की वाईट, ते विचारू नको.’ आकडा सांगताना लपवण्यासारखे काही उरत नाही आणि विचारणाऱ्यावरही पहारेकऱ्याची भूमिका येत नाही.

## किती दिवस आणि काय मोजायचे

एकवीस दिवसांत सवय बदलते, या समजुतीपायी बाविसाव्या दिवशी निराश झालेले पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास करून जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीगणिक व कृतीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही. त्यामुळे दोन महिन्यांच्या आत निकाल लावू नये.

मोजताना ‘किती वेळा घसरलो’ यापेक्षा ‘घसरल्यावर किती तासांत परतलो’ हे मोजावे. पहिल्या महिन्यात चार दिवस आणि तिसऱ्या महिन्यात एक दिवस लागत असेल, तर पद्धत लागू पडते आहे, मग घसरणींची संख्या तेवढीच दिसत असली तरीही. दुसरी सवय हाती घ्यायची असल्यास पहिलीचे ‘जेव्हा–तेव्हा’ सलग सहा आठवडे वही न उघडता पाळले गेले पाहिजे.

दहा आठवड्यांनंतर काहीच हलले नसेल, तर बहुधा तिसऱ्या टप्प्यातले उत्तर चुकलेले असते. कंटाळा म्हणून लिहिलेली गोष्ट भीती असते किंवा राग. दुसऱ्या टप्प्यापासून नव्या पानावर सुरुवात करावी. दुसऱ्या खेपेलाही तसेच झाले तर समुपदेशकाची वेळ घ्यावी आणि जाताना ही वही सोबत न्यावी. पहिल्या भेटीत अर्धा-पाऊण तास ज्या माहितीची जुळवाजुळव करण्यात जातो, ती या वहीत तारीख-वेळेसह तयार असते.